मूल नको म्हणणाऱ्या बाईला वाचताना

मराठीत एखादीने ‘आम्हाला मूल नको, असं आम्ही ठरवलंय’ असं नावानिशी लिहिलं, की पुढे काय होणार हे आता पाठ झालं आहे. पहिला विचारतो, म्हातारपणी कोण बघणार? दुसरी म्हणते, आत्ता वाटतंय असं, पस्तिशी उलटली की कळेल. तिसरा म्हणतो, हे सगळे भरल्या पोटाचे चोचले. चौथा थेट संस्कृतीवर येतो. पाचवी म्हणते, किती धाडसी लिहिलंस गं! मग पाचवीची पहिल्या चौघांशी जुंपते आणि लेख बाजूला पडतो. त्या बाईला कशाची भीती वाटत होती, नवऱ्याशी काय बोलणं झालं होतं, आईला सांगितलं तेव्हा आई काय म्हणाली, यातलं एक वाक्यही या गदारोळात कोणी उचललेलं नसतं.

हा लेख त्या पाचही जणांच्या विरोधात आहे. पाचवीच्यासुद्धा.

माझी बाजू आधी सांगते. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, लग्नाला दोन वर्षं झाली, रत्नागिरीत कुवारबावच्या भाड्याच्या फ्लॅटमधून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहिते. मूल हवं की नको, हे माझं ठरलेलं नाही. खरंच ठरलेलं नाही, ‘नको’ म्हणायची ही सभ्य पद्धत आहे असं समजू नका. त्यामुळे या विषयावर स्वतःबद्दल लिहिणाऱ्या माणसांची मला गरज आहे. नको म्हणणाऱ्यांची, हवं म्हणून पाच-पाच वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्यांची, झाल्यावर ‘नको होतं’ असं वाटणाऱ्यांची आणि नको म्हटलं त्याची पुढे खंत वाटलेल्यांचीही. आईला विचारून उपयोग नाही, कारण तिला हा प्रश्न पडण्याइतकी सवड कोणी दिलीच नव्हती. माझ्या हाताशी आहेत ते फक्त दुसऱ्यांचे अनुभव. लिहिणारीला एकदा झोडपलं की ती पुन्हा लिहीत नाही, आणि तिचं बघून दुसऱ्या चारजणी लिहीत नाहीत. माझं भांडण एवढ्यासाठी आहे.

मुरुडचं एक घर

हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक पत्ता देते : मुरुड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. धोंडो केशव कर्व्यांचं घर. धोंडोपंतांनी १८९३ मध्ये देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा म्हणजे रघुनाथ. जन्म १८८२, मुरुडचाच. पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२५ मध्ये हे काम आणि नोकरी यातलं एक निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. त्यांनी आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

यातलं शेवटचं वाक्य परत वाचा. शंभर वर्षांपूर्वी मूल नको असं ठरवणाऱ्या एका मराठी जोडप्यात ऑपरेशन पुरुषाने करून घेतलं होतं. आज या विषयावर जो काही चिखल उडतो तो बाईच्या अंगावर उडतो. माझा नवरा म्हणाला की आमचं अजून ठरलेलं नाही, तर मित्र हसून पाठीवर थाप मारतात. मी म्हटलं, तर शेजारच्या काकू आवाज खाली आणून विचारतात, काय गो, डॉक्टरला दाखवलंस ना?

याच कर्व्यांच्या घरात पुढे इरावतीबाई सून म्हणून आल्या. रघुनाथरावांचे धाकटे सावत्र भाऊ दिनकर यांच्या पत्नी, म्हणजे नात्याने मालतीबाईंच्या धाकट्या जाऊबाई. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख मराठी ललितलेखनात गाजलेला आहे. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते : अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, तमक्यांची पत्नी. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. मग रस्त्यात काही मुलं त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या सोबत्याची आई म्हणून त्यांना ओळखतात, आणि ओळख पूर्ण झाल्यासारखी वाटते. लेख सुंदर आहे आणि मला तो आवडतो. मानववंशशास्त्रातली एवढी मोठी विदुषी स्वतःच्या मनातला एक छोटासा समाधानाचा क्षण न लाजता लिहिते, म्हणून आवडतो.

आता असं बघा. हा लेखसुद्धा मूल असण्याबद्दलचा वैयक्तिक अनुभवच आहे. पण इरावतीबाईंना कोणी असं विचारत नाही की बाई, हे तुमचं झालं, सगळ्यांचं कसं काय सांगता? कोणी म्हणत नाही की आत्ता वाटतंय पूर्ण, मुलगा परदेशी गेला की कळेल. कोणी म्हणत नाही की हे खासगी आहे, चव्हाट्यावर कशाला आणलंत? त्यांचा अनुभव हा अनुभव म्हणून वाचला जातो, आणि तसाच तो वाचायला हवा. समजा त्याच घरातल्या मालतीबाईंनी असाच एक लेख लिहिला असता, की मूल नाही आणि तरीही ओळख पूर्ण वाटते, किंवा मूल नाही म्हणून कधीकधी अपुरी वाटते, तर तो आपण कसा वाचला असता? एकीच्या लेखाला आपण ललित म्हणतो. दुसरीच्या लेखाकडे अर्ज आल्यासारखं बघतो, ज्याला सोबत पुराव्याची कागदपत्रं जोडावी लागतात. माझा आक्षेप इथे आहे. आई झालेलीने काही सिद्ध करावं लागत नाही. न झालेलीने मात्र ती सुखी आहे, विचारी आहे, स्वार्थी नाही, आजारी नाही, हे सगळं आधी सिद्ध करायचं, मग बोलायचं.

म्हातारपणीचा प्रश्न, रत्नागिरीतून

आता त्या पाच जणांचं एकेक करून बघू. पहिला प्रश्न म्हातारपणाचा. हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात बसून विचारणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

२००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार झाली. दहा वर्षांत वाढायची सोडून कमी झाली. आणि दर हजार पुरुषांमागे इथे ११२२ स्त्रिया होत्या. इथले पुरुष कामासाठी मुंबईला जातात हे सांगायला जनगणना लागत नाही म्हणा. गावात कुठल्याही वाडीत जा. दहा घरांतली चार घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. उरलेल्यांतल्या दोन-तीन घरांत एकटी म्हातारी असते. तिला मुलं नाहीत असं नाही. तिला चार आहेत. एक विरारला, एक पुण्याला, एक दुबईला आणि लेक सासरी. रात्री छातीत दुखलं तर रिक्षावाल्याला फोन शेजारची सून करते.

मुलांना मी दोष देत नाही. इथे पोटापाण्याचं नाही म्हणून ती गेली. पण मूल म्हणजे म्हातारपणची सोय, हे गणित निदान कोकणात तरी आपल्या डोळ्यांदेखत चुकलेलं आहे. म्हातारपणाला लागतात त्या गोष्टी वेगळ्या : तालुक्याला चालू स्थितीतला दवाखाना, पुरेशी पेन्शन, हाक मारली तर येणारा शेजार. ‘कोण बघणार?’ हा प्रश्न खरा आहे आणि सगळ्यांचाच आहे. तो फक्त मूल नको म्हणणारीच्या अंगावर टाकला की बाकीच्यांना तो सुटल्यासारखा वाटतो, एवढीच त्याची सोय.

चोचले कोणाचे?

तिसऱ्याचा मुद्दा जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला जास्त जागा देते. तो म्हणतो, ही निवड-बिवड पगारदारांची भाषा आहे. ज्यांच्याकडे डॉक्टर निवडायला पैसे आहेत, सासू-सासऱ्यांपासून वेगळं घर आहे, नाही म्हटलं तर छपरावर गदा येणार नाही, त्यांनीच असे लेख लिहावेत.

यातलं निरीक्षण बरोबर आहे. माझ्याकडे पगार आहे म्हणून मी ‘ठरलेलं नाही’ असं दोन वर्षं म्हणू शकते. माझ्या वयाची, माझ्याच शाळेतली, मिरकरवाड्याला मासळी घेऊन बसणारी मैत्रीण एवढा वेळ मागू शकली नाही. तिला दोन मुलं आहेत आणि त्यांच्यावर तिचा जीव आहे. तिने ती ठरवून घेतली का, हा प्रश्न तिच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

पण या बरोबर निरीक्षणावरून तिसरा चुकीच्या ठिकाणी पोचतो. तो म्हणतो, म्हणून तुम्ही गप्प बसा. वर्गाचा मुद्दा इतका मनापासून वाटत असेल, तर पुढचा प्रश्न यायला हवा की निवड जिला मिळाली नाही तिच्या शरीराचं काय झालं. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. त्या इतक्या होत्या की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्याने खाडा होतो. शेतात संडास नाही, पाणी नाही, आजार होतात, आणि डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. तिशीच्या आतबाहेरच्या बायकांचं हे झालं. मूल हवं की नको, आणखी हवं की पुरे, हा प्रश्न तिथे शरीरातूनच काढून टाकला गेला.

सरकारही यात मागे नव्हतं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आजही सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. म्हणजे तिसरं झालं तर सरपंचपद जातं आणि एकही नाही झालं तर हळदीकुंकवाला नजरा बदलतात. मधल्या एक किंवा दोन या उत्तरालाच परवानगी आहे. गरीब बाईला सांगायचं, जास्त होऊ देऊ नकोस. पगारदार बाईला सांगायचं, एक तरी होऊ दे. दोघींनाही सांगणारे आपणच, आणि दोघींपैकी कोणालाही विचारत नाही.

म्हणून वर्गाचा मुद्दा काढणाऱ्या वाचकाला माझं म्हणणं असं की मुद्दा अर्धा सोडू नका. जिला निवड मिळाली ती लिहिते आहे. तिच्या लेखातून कळेल की निवडीला काय काय लागतं : पैसा, वेळ, ऐकून घेणारा नवरा, न ओरडणारी डॉक्टर. ती यादी बाकीच्या बायकांच्या बाजूने वापरता येते. तिला गप्प केल्याने बीडच्या बाईला काहीही मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर, वर्गाचं नाव घेऊन गप्प करणारे हे वाचक गरिबाने लिहिलं तेव्हा तरी नीट वाचतात का? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं आणि त्यानंतर दलित आत्मकथनं एकामागून एक येत राहिली. त्यांना एकीकडून ऐकावं लागलं की हे साहित्य कसलं, हे रडगाणं. आणि स्वतःच्या माणसांतल्या काहींकडूनही ऐकावं लागलं की घरातलं बाहेर कशाला काढता. इथल्याच फणसवळ्याच्या उर्मिला पवारांनी २००३ मध्ये ‘आयदान’ लिहिलं. आईने बांबूच्या सुपं-टोपल्या विणून घर चालवलं हे त्यांनी लिहिलं, आणि जातीबरोबर घरातल्या पुरुषांबद्दलही लिहिलं. असं दोन्ही बाजूंना बोचणारं लिहिलं की दोन्हीकडच्या लोकांना ते अडचणीचं होतं. म्हणजे खालून लिहिलं तर रडगाणं, वरून लिहिलं तर चोचले. मग स्वतःबद्दल लिहायचं तरी कोणी? दहा एकर आंब्याची बाग असलेल्या निवृत्त गृहस्थांनी आठवणी लिहिल्या की मात्र त्या सगळ्यांना प्रातिनिधिक वाटतात.

‘धाडसी’ म्हणणारी

आता पाचवी. ती माझ्या बाजूची आहे, म्हणून तिच्याशी जास्त भांडायला हवं.

‘किती धाडसी!’ म्हटलं की वाचायचं काम संपतं. धाडसी म्हटलेल्या लेखातल्या विसंगतीला कोणी हात लावत नाही. समजा लेखिकेने एका ठिकाणी लिहिलं की मला मुलं आवडत नाहीत, आणि चार परिच्छेदांनंतर लिहिलं की भाचीला झोपवताना वेगळं काहीतरी होतं. चौथा ही विसंगती पकडून तिला खोटी ठरवतो. पाचवी ती दिसूनही पुढे जाते, कारण तिला आपल्या बाजूचा झेंडा हवा असतो. पण मला, जिचं अजून ठरायचं आहे तिला, नेमकी तीच जागा हवी असते. झोपवताना काय होतं? तरीही नको का? ते रोज हवं असं वाटतं की कधीमधीच पुरतं?

या दोन्ही बाजूंमुळे लिहिणारे काय करायला लागलेत ते सांगते. ते वकिली करायला लागलेत. मूल नको म्हणणारीने लिहायचं की मी शंभर टक्के आनंदात आहे, कारण नव्याण्णव म्हटलं तर उरलेला एक पकडून लोक नाचतील. आई झालेलीने लिहायचं की रात्रीची जागरणंसुद्धा गोड असतात, कारण कंटाळा आला म्हटलं तर ती वाईट आई ठरेल. दोन्हीकडून आलेले लेख आता एकमेकांसारखे दिसू लागलेत. दोघीही खुशाल आहेत, आणि दोघींपैकी कोणावरही माझा पूर्ण विश्वास बसत नाही. अनुभवाचं लेखन असं प्रतिज्ञापत्रासारखं झालं तर ते कशाला वाचायचं?

विचारणारे वाचक

रघुनाथराव कर्व्यांच्या वाचकांबद्दल एक गोष्ट कमी बोलली जाते. ‘समाजस्वास्थ्य’ला लोक पत्रं पाठवायचे आणि त्यांत प्रश्न असायचे. कोणाशीही बोलता येत नाहीत असे, शरीराचे, लैंगिक सुखाचे, लाजेचे प्रश्न. कर्वे त्यांची उत्तरं छापायचे. वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये तो लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात, तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक चालू राहिलं.

त्या काळातही निकाल देणारे होतेच. शिवीगाळ होती, बहिष्कार होता, कोर्टही होतं. पण ते मासिक इतकी वर्षं टिकलं त्यात विचारणाऱ्या वाचकांचा वाटा मोठा होता. त्यांना कर्वे बरोबर की चूक हे ठरवायचं नव्हतं. त्यांना स्वतःचं काहीतरी उलगडायचं होतं, म्हणून ते वाचत होते. माझ्या हातात आज मोबाईल आहे, पोस्टकार्डाच्या हजारपट वेगाने मी लेखिकेपर्यंत पोचू शकते, आणि या वेगाचा उपयोग आपण निकाल लवकर लावण्यासाठी करतो.

मतभेद दाखवू नका असं मी म्हणत नाही. लेख कच्चा असेल तर तसं म्हणा. मुलं जन्माला घालणाऱ्या सगळ्यांना मूर्ख ठरवणारं काही लिहिलेलं असेल तर जरूर झोडा, मीही येते. लेखिका वर्गाचं काही बघत नसेल तर ते कुठल्या वाक्यात दिसतं ते दाखवा. एवढीच अट की भांडण लेखातल्या वाक्याशी असावं. तिच्या गर्भाशयाशी, नवऱ्याशी, पगाराशी आणि अजून न आलेल्या म्हातारपणाशी नसावं. ते आपण वाचायला मागितलेलं नव्हतं, तिने जेवढं दिलं तेवढंच आपलं.

आणि जमलं तर एखादा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा. ठरवायला किती वर्षं लागली? नवऱ्याचं आणि तुमचं एकाच वेळी ठरलं का? सणाला घर रिकामं वाटतं का? वाटलं तर काय करता? कुठला क्षण असा आहे की ज्याबद्दल लिहायचं टाळलंत?

मला हे सगळं विचारायचं आहे. माझ्याकडे फार तर सात-आठ वर्षं आहेत, आणि शेजारच्या काकू रोज एक दिवस मोजतायत. तोवर जी माणसं हे लिहू शकतात, त्यांना जरा खरं लिहू द्या.